खाँसाहेबांच्या बंदुकीचा एक स्क्रू

आमच्याकडे पाहुणा आला आणि हात धुवून बाहेर आला, की हमखास विचारतो, "वहिनी, तुमच्या साबणाला रेघा कसल्या हो?" मी सांगते, "आमच्या ह्यांच्या कर्तबगारीच्या." पाहुण्याला वाटतं बाई चेष्टा करतेय. मी कसली चेष्टा करणार? त्या साबणानं मी पंचवीस वर्षं हात धुतेय.

आमचे हे म्हणजे हरिहर जगदाळे, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ गाव कडेगावच्या अलीकडे. अठ्ठावीस वर्षं लष्करात आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. शेवटची बदली लखनौला झाली आणि आमची गाडी इथंच रुतली. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर जानकीपुरमच्या औषध संशोधन संस्थेच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढली. तिथला जुना लेथ लिलावात निघाला, तो घेऊन ह्यांनी आमच्या मागच्या व्हरांड्यात बसवला. लेथ म्हणजे लोखंड गरागरा फिरवून कातायचं यंत्र. त्या व्हरांड्यात मी तुळस आणि झोपाळा लावणार होते. तुळस गच्चीवर गेली, झोपाळा राहिलाच.

ह्यांचा नाद एकच, जुन्या बंदुकांचे स्क्रू. आज बाजारात बोल्ट घ्या, लखनौचा पुण्यात बसतो आणि पुण्याचा पाटण्यात. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. प्रत्येक कारखान्याची आपली वेगळी भोकं पाडलेली पोलादी पट्टी असायची, तिच्यात सळई पिळून स्क्रूचे आटे पाडायचे. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात जायचा नाही. म्हणून जुन्या बंदुकीचा स्क्रू हरवला की लोक ह्यांच्याकडे येतात. हे उरलेल्या स्क्रूचे आटे मोजतात, बंदूक कुठली ते सांगतात आणि तसाच नवा स्क्रू कातून देतात. सगळं एका लांबलचक रजिस्टरात लिहून ठेवतात. बंदूक कुणाची, इंचात आटे किती, आणि शेवटच्या रकान्यात 'ओळख पटवली' याच्याखाली 'ह. जगदाळे'. दोनशे बारा नोंदी आहेत आणि दोनशे बारा वेळा ह. जगदाळे. मी एकदा म्हटलं, "अहो, दरवेळी तुम्हीच, तर वर एकदा लिहून खाली टिंबं द्या ना." दोन दिवस बोलले नाहीत.

आता माझं ऐका. मी मिरजेची. बोलायला पहिल्यापासून तिखट, आणि इथं पंचवीस वर्षं मी भाजीवाल्याशी भांडते तेसुद्धा हिंदीत! हिंदीत भांडण म्हणजे आळणी आमटी. 'भैया, यह तो ज़्यादती है' म्हटल्यावर कुणाच्या पोटात गोळा येतो का? वर लखनौचा माणूस हात जोडून 'आप बजा फ़रमाती हैं' म्हणतो, म्हणजे तुमचंच खरं, आणि सगळी हवाच जाते. आमची लेक अंतरा पुण्यात वाकडला राहते, अकराव्या मजल्यावर. दर रविवारी फोन. "मम्मी, आप लोग कब आ रहे हो? एक कमरा खाली पड़ा है." लखनौत वाढलेली पोर, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून. तरी आजूबाजूला मराठी माणसं तर असतील! तिथं जायचं, पेठेत फिरायचं आणि एकदा पोटभर मराठीत भांडायचं, एवढी माझी साधी इच्छा. पण वाकडच्या फ्लॅटात लेथ मावत नाही आणि लेथाशिवाय हे मावत नाहीत.

अशात मे महिन्याच्या शेवटी मलिहाबादचे शफीक खाँसाहेब आले. दशहरी आंब्याच्या मोठ्या बागेचे मालक, सत्तरीतले, बोलणं असं मऊ की रागावले तरी आपल्याला वाटावं कौतुक चाललंय. रजईच्या खोळीत गुंडाळलेली बंदूक घेऊन आले होते. कागद बघितल्याशिवाय बंदुकीनं आमचा उंबरा ओलांडायचा नाही, हा माझा नियम. कागद चोख होते, आणि नळीत शिसं ओतून ती केव्हाचीच कायमची बंद केलेली होती. ठासणीची जुनी बंदूक. घोड्याखालच्या पट्टीवर इंग्रजीत कोरलेलं 'लंडन'.

"हमारे परदादा ने लंदन से मँगवाई थी," खाँसाहेब म्हणाले.

त्यांच्या घरची एक रीत आहे. बागेतून दशहरीची पहिली पेटी निघते त्या दिवशी ही बंदूक भिंतीवरून उतरवायची, पुसायची, आणि घरातल्या थोरल्या पुरुषानं ती खांद्याला लावून सगळ्यात जुन्या झाडाखाली फोटो काढायचा. त्यांच्या आजोबांपासूनचे फोटो बैठकीत लावलेत म्हणे. यंदा बंदूक उतरवली तर घोड्याची अख्खी पट्टीच हातात आली. तिला धरणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक पाण्याच्या पाटात पडून गेला. पहिली पेटी दहा जूनला निघायची होती.

ह्यांनी उरलेला स्क्रू हातात घेतला, नखानं खरवडला आणि म्हणाले, "इंग्लिश काम. दोन दिवस."

नेमका त्याच वेळी अंतराचा फोन आला, आणि मी खाँसाहेबांच्या देखत म्हणाले, "बाळा, तुझे बाबा काही हा गंज सोडून यायचे नाहीत." झालं! सुभेदारसाहेब तडकले. "ऐक गं. हा स्क्रू मला ओळखता आला नाही ना, तर लेथ विकीन आणि गुमान तुझ्या मागनं पुण्याला येईन. शब्द!"

"साक्षीदार कोण?" मी विचारलं.

"खाँसाहेब!"

खाँसाहेबांना हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवून छातीवर हात ठेवला. "भाभी साहिबा, बंदा गवाह है."

दोनशे बारा वेळा जिंकलेला माणूस, त्याच्याशी मी काय पैज जिंकणार! मी आपली स्वयंपाकाला लागले.

पण दोन दिवसांनी व्हरांड्यातून आवाज येईना. जाऊन बघते तर हे स्टुलावर बसलेले. ह्यांच्याकडे आटे मोजायचा एक गेज आहे, वेगवेगळ्या दातांच्या पात्यांचा जुडगा. इंचाला अठ्ठावीस आट्यांचं पातं स्क्रूवर छान बसलं होतं, म्हणून ह्यांनी अठ्ठावीसचा स्क्रू कातला. बंदुकीत पिळला तर तीन फेरे गेला आणि अडला. लागायचे होते दहा.

"मग जरा जोर लावा की."

"जोर लावून भोकातले जुने आटे फाडू? मी आर्मरर आहे, हमाल नाही!"

मग आट्यांच्या बाकीच्या पद्धती निघाल्या. व्हिटवर्थ झाला, बीए झाला, मेट्रिक झाला. घरात मुलगी बघायला येणाऱ्यांसारखी रोज नवी नावं यायची आणि नापसंत होऊन जायची. त्यातल्या त्यात मेट्रिकमधला एक सहा फेरे गेला. त्या दिवशी ह्यांनी जेवताना दोनदा भात मागितला. सातव्या फेऱ्याला तोही अडला, आणि रात्रीचं ताट तसंच परत आलं.

शेवटी साबणावर पाळी आली. गेजात समजत नसेल तर हे स्क्रू साबणात दाबून रेघा उठवतात. मग शेवटच्या दोन रेघांत स्क्रूचे पहिले दोन आटे बसवून पुन्हा दाबायचं, पुन्हा पुढं सरकायचं. अशी लांबच लांब ओळ केली की मोजायला सोपं. यावेळी अंगाची वडी पुरेना म्हणून माझा कपड्याचा लांबडा साबण उचलला. भिंग लावून मोजलं. एका इंचात अठ्ठावीस आणि वर थोडं, दोन इंचात सत्तावन्नला थोडं कमी, तीन इंचांत पंच्याऐंशी आणि पुन्हा वर थोडं.

"असं नसतं गं," हे म्हणाले. "इंग्रज माणूस इंचाशिवाय श्वास घेत नाही. पूर्ण आकडा यायलाच पाहिजे."

"नुसतं बघून तसाच कातता नाही येणार?"

"लेथाला गिअरची चाकं लावायची तर आकडा लागतो. अंदाजपंचे चाक लागत नाही."

मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण मनात पेढे वाटले. खोटं कशाला बोलू? अंतराला सांगितलं, खोली झाडून ठेव. सात जूनला, शनिवारी, ह्यांनी स्वतःच ऐशबागच्या अनुपला फोन केला. जुनी यंत्रं विकत घेणारा हा तरुण, कधीचा ह्या लेथावर डोळा ठेवून होता. सोमवारी सकाळी टेंपो घेऊन येतो म्हणाला. खाँसाहेबांनाही त्याच सकाळी बोलावलं, बंदूक परत न्यायला. फोन ठेवून हे म्हणाले, "जिंकलीस तू." मी म्हटलं, "मग!" आणि कुकर लावायला आत गेले.

रविवारी सकाळी मी चौकात, म्हणजे जुन्या लखनौच्या बाजारात गेले. पुण्याला जायचं तर अंगावर चिकनच्या भरतकामाचे चार नवे कुडते नकोत? चौकातल्या एका बोळात मुस्तकीम मास्टरांचं दुकान आहे. पंचाहत्तरीचे शिंपी, बाविसाव्या वर्षापासून एकाच खिडकीत बसलेले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा, माप घ्यायचा लोखंडी गज आहे, आणि मास्टर अजून गिरहातच मापं घेतात. सोळा गिरह म्हणजे एक गज. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून कपडे शिवते आणि ते 'आस्तीन सात गिरह' म्हणाले की मान डोलावते.

मास्टर माझी बाही मोजत होते आणि मी विजयाच्या भरात त्यांना सगळी गोष्ट सांगत होते. लंडनची बंदूक, अठ्ठावीस आणि वर थोडं, पैज, पुणे.

मास्टर तोंडातल्या टाचण्या काढून हसायला लागले. "लंदन? भाभी, लंदन का तो ठप्पा मिलता था. हमारे परनाना यहीं, इसी गली में बंदूक़ बनाते थे. नाम लंदन का, काम लखनऊ का."

हे परनाना, म्हणजे आईचे आजोबा, मी पंधरा वर्षं ऐकत होते. मास्टरांचे परनाना कधी बंदुका बनवायचे, कधी घड्याळं, एकदा तर नवाबासाठी पोपट बोलका केला होता. मी नेहमीसारखी 'अच्छा' म्हणाले.

"और इंच की फीती तो हमारे सामने आई है," मास्टर बोलत राहिले. "पहले दर्ज़ी हो कि लोहार, सबके हाथ में यही रहता था." आणि त्यांनी तो लोखंडी गज माझ्या दंडावर टेकवला.

गज गार लागला, आणि मी त्याच्यावरच्या गिरहाच्या खुणा बघायला लागले.

मी म्हटलं, "मास्टर, मला एक कागदाची पट्टी कापून द्या. बरोबर एक गिरह."

घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हे खुर्चीत चष्म्यासकट झोपलेले. टेबलावर तो साबण. मी पट्टी रेघांवर ठेवली, सुई घेतली आणि मोजायला लागले. विणकामाचे टाके मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पट्टी संपली तिथं बरोबर रेघ आली. चौसष्ट. वर थोडं नाही की खाली थोडं नाही. दुसऱ्या टोकापासून मोजलं, चौसष्ट. तिसऱ्यांदा मोजताना मी गणपतीला म्हटलं, त्रेसष्ट कर रे बाबा, एकवीस मोदक देते. चौसष्ट! सोळा चोक चौसष्ट. अर्ध्याचं अर्धं आणि त्याचं पुन्हा अर्धं करत जाणाऱ्या गजवाल्या माणसाचा तो आकडा होता. इंग्रजाचा त्यात संबंधच नव्हता.

मी ती पट्टी घडी करून हिंगाच्या डबीत ठेवली.

हो, ठेवली! का नाही ठेवू? आधी मी ह्यांच्या बदल्यांच्या मागं फिरले, मग ह्यांच्या लेथाच्या मागं थांबले. एक दिवस गप्प बसायचं, बस्स. सोमवारी टेंपो येईल, लेथ जाईल, आणि दिवाळी पुण्यात. मी तर खोटंही बोलत नव्हते, मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी चहा टाकला.

चहा घेऊन व्हरांड्यात गेले तर हे उठून लेथापाशी बसलेले. गिअरची चाकं एकेक करून रॉकेलनं पुसत होते आणि प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधत होते. ३० दाती. ४० दाती. ८० दाती, एक दात किंचित दबलेला, सांभाळून.

"हे काय करताय?"

"अनुप पोरगं आहे. त्याचा गोंधळ नको व्हायला." आणि मान वर न करता म्हणाले, "तिथं मला काय करायचं असतं गं दिवसभर?"

भांडणाच्या सुरात विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. बाग आहे, मंदिर आहे, म्हाताऱ्यांचा हास्यक्लब आहे. पण माणूस खरंच विचारत होता. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं विचारतात तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच असा संताप आला म्हणून सांगू!

मी तरातरा आत गेले, डबी उघडली, साबण आणि पट्टी आणून त्यांच्यापुढं आदळली. "मोजा."

"काय आहे हे? हिंगाचा वास येतोय."

"वास घेऊ नका, मोजा!"

त्यांनी मोजलं. भिंग लावून पुन्हा मोजलं. मग पट्टीला व्हर्निअर लावला. "सव्वादोन इंच. सव्वादोन इंचात चौसष्ट. विभा, हे काय माप आहे?"

"गिरह. तुमची लंडनची बंदूक चौकातली आहे. शिंप्याच्या गजावर मोजलेली. पट्टीवर लंडन वाचलंत आणि इंच घेऊन बसलात, अक्कल कुठं गेली होती सुभेदारसाहेब?"

इतकी शिवी खाऊन इतका आनंदलेला माणूस मी पाहिला नाही. वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. तिसाची दोन चाकं, चाळिसाचं एक, ऐंशीचं एक. चिठ्ठ्या तोडून चाकं चढवली आणि दिवे लागायच्या आत नवा स्क्रू कातला. बंदुकीत पिळताना मला शेजारी उभं केलं. तीन फेरे झाले, सहा झाले, सात, आठ, नऊ. दहाव्याला तो आपोआप थांबला, डोकं पट्टीला टेकवून. ह्यांनी माझा हात धरला, तेलकट हातानं, माझ्या इस्त्रीच्या साडीवर डाग पाडून.

सोमवारी सकाळी खाँसाहेब आले. बंदूक चौकातली आहे हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. "तो हमारे परदादा ठगे गए?"

"हुज़ूर, ठगे नहीं गए," हे म्हणाले. "कारीगर ने इंच तक लंदन का नहीं लिया."

खाँसाहेबांनी दोन्ही स्क्रूंवरून बोट फिरवलं, जुन्यावरून आणि नव्यावरून. मग म्हणाले, यंदाच्या फोटोत झाडाखाली मुस्तकीम मास्टरांना पण बोलवावं लागेल. मी मनात म्हटलं, आता त्या परनानांना कोण आवरणार!

तेवढ्यात दारात टेंपो थांबला. अनुप आणि दोन हमाल. मी ह्यांच्याकडे पाहिलं, आता परत पाठवतील म्हणून. तर हे रजिस्टर घेऊन खाँसाहेबांसमोर उभे. "खाँसाहब, आप गवाह हैं. शर्त क्या थी?"

"यही कि आप न पहचान पाए तो लेथ बेच देंगे."

ह्यांनी रजिस्टर उघडून पुढं केलं. दोनशे तेरावी नोंद. ठासणीची बंदूक, लखनौ, चौक. एका गिरहात चौसष्ट आटे. आणि शेवटच्या रकान्यात, ठसठशीत अक्षरात, 'सौ. विभा जगदाळे'.

"मी नाही ओळखला," हे मला म्हणाले. "तू ओळखलास. शब्द म्हणजे शब्द. अनुप, ले जाओ."

खाँसाहेबांनी मान खाली घातली. हमाल व्हरांड्यात शिरले, आणि एकानं लेथाला हात घातला.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. पदर खोचून मी मधे उभी राहिले. "खबरदार! हात लावशील तर याद राख! सोमवारी सकाळी सकाळी दुसऱ्याच्या दारात टेंपो उभा करायला लाज नाही वाटत? आला मोठा लेथ नेणारा! तुझ्या बापानं बसवला होता का इथं? ऐंशीच्या चाकाचा एक दात दबलाय, तो सांभाळायची अक्कल आहे का तुला, मेल्या? माझी तुळस गच्चीवर गेली ह्याच्यापायी, माझा झोपाळा गेला, तेव्हा कुठं होतास? इतकी वर्षं मी ह्याचा खडखडाट ऐकलाय, आणि तू उचलून चाललास होय रे? आणि ह्यांचं काय ऐकतोस? ह्यांना काय कळतं? ह्यांना साधा गिरह कळत नाही! चल, नीघ! काळं कर!"

सगळं मराठीत. थेट मिरजेच्या मंडईतलं. अनुप दोन पावलं मागं सरून टेंपोला टेकला होता, हमाल रस्त्यावर पोचले होते. खाँसाहेबांनी हळूच ह्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "भाभी साहिबा क्या फ़रमा रही हैं?"

हे माझ्याकडे बघत होते. डोळे भरले होते आणि मिशीखाली हसत होते.

"फ़रमा रही हैं," हे म्हणाले, "कि लेथ नहीं बेचना है."